फसलेल्या प्रयोगाचे बिल कोणाच्या नावावर?

‘सॅम्पल पास झाले का?’ जालना, बदनापूर, देऊळगाव राजा या पट्ट्यात ज्या घरी बियाण्याचा प्लॉट असतो, त्या घरात हा प्रश्न दहावीच्या निकालासारखा विचारला जातो. संकरित कापसाचा प्लॉट घेतला, की संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादी कळ्या शोधायच्या, नखाने पाकळी आणि पुंकेसर अलगद काढायचे, कळीला खूण करायची आणि सकाळी नर फुलाचे पराग तिच्या कुक्षीवर टेकवायचे. असे एकेका कळीचे काम, तेही कित्येक आठवडे. हे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. बी तयार होऊन कंपनीकडे जाते, तिथे उगवण तपासतात. मग शुद्धता पाहण्यासाठी त्यातले काही बी पेरून झाडे वाढवतात आणि त्यांत भेसळ किती हे मोजतात. म्हणून निकालाला महिने लागतात. पास झाले तर ठरलेला भाव मिळतो. नापास झाले, तर हंगामभराची मजुरी, शेडनेटचा हप्ता आणि खत-औषधाची उधारी शेतकऱ्याच्या अंगावर येते.

आता समजा, त्या ओळींत बसलेल्या एका बाईला दिसले, की कळी अमुक आकाराची असताना पुंकेसर काढले तर फळ जास्त धरते. किंवा खुणेचा दोरा वेगळ्या रंगाचा घेतला, तर सकाळी एकही कळी सुटत नाही. ती हे करून पाहील का? मुकादमाला सांगेल का? मुकादम कंपनीच्या फिल्डमनला सांगेल का? नेतृत्व, कर्मचाऱ्यांची कल्पकता आणि तंत्रज्ञान प्रकल्पांचे यश या विषयावर गेल्या काही दशकांत जगभर जे लिहिले गेले, ते वाचताना मी दर वेळी याच प्रश्नापाशी येऊन थांबलो. प्रयोग फसला तर त्याचे बिल कोणाच्या नावावर फाटते, यावर खालच्या माणसाची कल्पकता जितकी ठरते, तितकी साहेबाच्या गोड किंवा कडक बोलण्यावर ठरत नाही, असे मला वाटते. हा आढावा त्या अंगाने आहे.

नेतृत्वाच्या शैलींचा प्रायोगिक अभ्यास सुरू झाला तो लहान मुलांवर. १९३९ साली कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी मुलांच्या छंदवर्गांत तीन तऱ्हांचे प्रमुख नेमून पाहिले. एक हुकूम सोडणारा, दुसरा विचारून चालणारा, तिसरा सगळे सोडून देणारा. हुकूमशहाच्या गटात प्रमुख समोर असेपर्यंत काम झाले आणि त्याची पाठ वळताच थांबले. हे तिन्ही साचे आजही प्रशिक्षणवर्गांत शिकवले जातात. पुढे १९७८ मध्ये जेम्स मॅकग्रेगर बर्न्स या राज्यशास्त्रज्ञाने देवाणघेवाणीवर चालणारे नेतृत्व आणि अनुयायांना बदलवून टाकणारे नेतृत्व असा भेद केला. १९८५ मध्ये बर्नार्ड बास यांनी तो कारखाने आणि कार्यालयांत आणला. तेव्हापासून ‘परिवर्तनशील नेतृत्व’ हा शब्द व्यवस्थापनाच्या प्रबंधांत इतका रुळला, की त्याच्याशिवाय प्रबंध पुरा होत नाही.

या प्रबंधांचा साचा ठरलेला असतो. दोन-तीनशे कर्मचाऱ्यांना प्रश्नावली द्यायची. तुमचा प्रमुख प्रेरणा देतो का? तुम्ही नव्या कल्पना मांडता का? प्रकल्प यशस्वी झाला का? तिन्ही उत्तरे एकाच माणसाची, एकाच दुपारी भरलेली. ज्याला आपला साहेब आवडतो तो प्रकल्पालाही चांगले गुण देतो, आणि आकडेवारीत सुंदर संबंध दिसतो. या दोषावर अभ्यासकांनीच बोट ठेवले आहे. डान व्हान क्निपेनबर्ग आणि सिम सिटकिन यांनी २०१३ मध्ये थेट म्हटले, की या संकल्पनेची व्याख्याच परिणामांत मिसळलेली आहे. मला ही टीका पटते. चांगला नेता म्हणजे ज्याच्यामुळे चांगले घडते, असे आधीच धरले, तर मग सिद्ध करायला उरते काय?

तरी या ढिगातले काही अभ्यास भक्कम आहेत. त्यांतला मला सगळ्यांत उपयोगी वाटतो तो रॉबर्ट केलर यांचा २००६ सालचा. त्यांनी पाच कंपन्यांतील संशोधन आणि विकासाच्या ११८ गटांचा पाठपुरावा केला, एका वर्षाने आणि पुन्हा पाच वर्षांनी. जिथे काम खरोखर शोधाचे होते, म्हणजे उत्तर कोणालाच माहीत नव्हते, तिथे प्रेरणा देणारा प्रमुख जास्त उपयोगी पडला. जिथे माहीत असलेले तंत्र पक्के करून वेळेत बाहेर काढायचे होते, तिथे कामाची नीट वाटणी करणारा, तारखा लावणारा प्रमुख जास्त उपयोगी पडला. कॅथरीन रोझिंग, मायकेल फ्रेझे आणि आंद्रेआस बाउश यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हेच पुढे नेले: एकच नेता कधी दार उघडे ठेवतो आणि कधी बंद करतो, आणि कोणत्या वेळी काय करायचे हे ज्याला उमगते त्याच्या हाताखाली नवे घडते. शेतकऱ्याला हे नवे नाही. पेरणीपूर्वी चार जणांना विचारावे, पण वापसा आला की विचारत बसू नये.

भारतातून या चर्चेत पडलेली महत्त्वाची भर म्हणजे पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांची. १९८० मध्ये त्यांनी मांडले, की आपल्याकडचा माणूस वरच्याकडून आधी माया मागतो, मग कामाची शिस्त स्वीकारतो. माया आणि काम यांची सांगड घालणारा नेता इथे चालतो, आणि हाताखालचा माणूस तयार होत गेला की त्याने हळूहळू हात सोडायचा असतो. आपल्या एकत्र कुटुंबातल्या कर्त्या माणसाची आठवण होते. पण एक धोका त्यात आहेच. कर्त्याने हात सोडलाच नाही, तर धाकट्याची कल्पना जन्मभर ‘तुला काय कळते’ या तीन शब्दांत अडकून राहते.

आता यश म्हणजे काय, तो भाग. वेळ, खर्च आणि ठरलेले काम या तीन बाजूंचा त्रिकोण मार्टिन बार्न्स यांनी १९६९ च्या सुमारास मांडला आणि तो अजून प्रत्येक निविदेत आहे. १९९४ साली अमेरिकेतील स्टँडिश ग्रुपने अहवाल काढला, की संगणकीय प्रकल्पांपैकी जेमतेम १६ टक्के वेळेत, पैशांत आणि ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले, ३१ टक्के मध्येच बंद पडले. हे आकडे कसे काढले यावर पुढे गंभीर आक्षेप आले, पण तोवर ते भाषणांतून घरोघरी पोहोचले होते. माझा आक्षेप त्याहून साधा आहे. त्या त्रिकोणात दहा वर्षांनंतरचे यश बसत नाही. जालन्याने हे फार जवळून पाहिले आहे.

‘जालना सोने का पालना’ असे म्हणत आले आहेत, ते इथल्या जुन्या व्यापारी पेठेमुळे. मस्तगडची गढी त्याच जुन्या वैभवाची खूण. आसफजाहच्या हुकमाने काबिल खानाने १७२५ मध्ये किल्ला आणि ही गढी बांधल्याची नोंद आहे. किल्ला ढासळला, आणि गढीत पुढे नगरपालिकेचे कार्यालय आले. त्याच्याही आधी, मलिक अंबरच्या काळात, जमशेदखानाने मोती तलाव करवून जमिनीखालून नळ टाकले आणि काळ्या मशिदीपर्यंत पाणी आणले. तो या गावातला पहिला मोठा तंत्रज्ञान प्रकल्प म्हणायला हरकत नाही. नोंदींत हुकूम देणारा राहिला आणि देखरेख करणारा राहिला. उतार कुठे कमी पडतो, सांधा कुठे गळतो, हे ज्याने खणताना ओळखले त्याचे नाव राहिलेले नाही. मस्तगडपाशी उभे राहिले की मला हेच आठवते. आजचे प्रकल्प-अहवाल वाचतानाही तेच जाणवते.

विसाव्या शतकात जालन्याला नव्याने ओळख दिली ती बियाण्याने. बद्रीनारायण बारवाले हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेले तरुण. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणापासून त्यांचा बियाण्याचा प्रवास सुरू झाला आणि १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, उभी केली. त्या वेळी संकरित वाण काढणे हे सरकारी संशोधन केंद्रांचे काम होते आणि खासगी माणसाने बियाण्यात पडणे धाडसाचे होते. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. २०१७ मध्ये ते गेले.

त्यांच्या यशाचे वर्णन बहुधा दूरदृष्टीचा उद्योजक असे करतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. संकरित बियाणे प्रयोगशाळेत तयार होत नाही, ते शेकडो शेतकऱ्यांच्या रानात तयार होते. प्रत्येक रानात नर आणि मादीच्या ओळी वेगळ्या ठेवायच्या, शेजारच्या पिकापासून अंतर राखायचे, भेसळीची झाडे वेळेत उपटायची. हे सगळे ज्यांना शिकवायचे ते शेतकरी कंपनीचे नोकर नव्हते. त्यांना हुकूम देता येत नव्हता, विश्वासच कमवावा लागत होता. म्हणजे इथले नेतृत्व पहिल्या दिवसापासून करारावर आणि भरवशावर उभे राहिले. बियाणे उत्पादक शेतकऱ्यांचे जे जाळे या भागात विणले गेले, त्यातूनच पुढे अनेक लहान-मोठ्या बियाणे कंपन्या निघाल्या. ज्या गावात पन्नास घरांना ‘क्रॉसिंग’, म्हणजे हाताने परागीकरण, येते तिथे नवी कंपनी काढायला भांडवल लागते, पण कौशल्य शोधायला लांब जावे लागत नाही. कर्मचाऱ्यांच्या कल्पकतेचा हा परिणाम कोणत्याही प्रश्नावलीत मावत नाही.

आणि याच कंपनीच्या नावाशी जोडलेली दुसरी गोष्टही इथेच सांगायला हवी. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला देशात मंजुरी मिळाली, ती महिको आणि मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतून आलेल्या तंत्राला. पसरण्याच्या वेगाच्या मापाने हा प्रकल्प भारतीय शेतीतल्या सर्वांत यशस्वी प्रकल्पांत मोडतो, कारण काही वर्षांत बहुतेक कापूस बीटी झाला. पण बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या कापसाचे वेगळे बी यायचे. ते शेताच्या कडेने लावायचे, म्हणजे बोंडअळीला तिथे राहायला जागा मिळते आणि विषाला न मरणारी अळी लवकर तयार होत नाही. शेतकऱ्यांनी ते बी फारसे लावले नाही. का लावावे? त्या ओळींत अळी पडणार हे ठरलेलेच होते. नुकसान त्याचे एकट्याचे आणि फायदा सगळ्या शिवाराचा. २०१७ च्या हंगामात मराठवाडा आणि विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कापूसही पोखरला. अळीच्या प्रतिकारशक्तीला इतरही कारणे होती, लांबलेला हंगाम, फरदड घेण्याची सवय. पण कडेच्या ओळींचे बिल शेतकऱ्याच्या नावावर टाकून एवढा मोठा प्रकल्प आखला गेला होता, ही त्यातली मूळ चूक होती असे मला ठामपणे वाटते. पुढे साधे बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. पण ती आली तेव्हा उशीर झाला होता.

जालना तालुक्यातल्याच कडवंचीत याच्या उलट गणित मांडले गेले, आणि मला त्याबद्दल अधिक सांगायचे आहे. कडवंचीचे पाणलोटाचे काम इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, नाबार्डच्या आधाराने झाले. ते केले मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि त्यांच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने. नेतृत्व विजयअण्णा बोराडे यांचे. या कार्यक्रमाची रचनाच मुळी खाली कान लावणारी होती. गावाने आधी श्रमदान करून तयारी दाखवायची. सगळ्या शिवाराला हात घालण्याआधी सुमारे शंभर हेक्टरांच्या तुकड्यावर काम करून पाहायचे. त्यात चुका झाल्या तर त्या शिकण्याच्या खर्चात धरलेल्या. आणि आराखडा कार्यालयात करायचा नाही. अभियंता, शेतकरी आणि घरची बाई त्याच गटनंबरात उभे राहून ठरवणार, की इथे बांध कुठे घालायचा, पाणी कुठून फुटते, झाड कोणते जगेल. गावोगावी याला ‘नेट प्लॅनिंग’ म्हणतात. नकाशावरची समपातळी रेषा एक सांगते आणि मागच्या अतिवृष्टीत बांध कुठे फुटला हे शेतकऱ्याला आठवत असते. दोन्ही एकाच कागदावर येतात.

पुढे कडवंचीत शेततळी वाढली, द्राक्षबागा आल्या. २०१२ च्या दुष्काळात आजूबाजूचे शिवार करपले, तेव्हाही तिथल्या बागा तगल्या आणि राज्यभरातून लोक ते पाहायला आले. शेततळ्यांत विहिरीचे पाणी उपसून साठवण्याच्या पद्धतीवर टीका झाली आहे, ती विचारात घ्यायला हवी. भूजल सर्वांचे असते. पण प्रकल्प म्हणून पाहिले, तर तिथे निर्णयाच्या पहिल्या पायरीवरच शेतकऱ्याचे म्हणणे कागदावर उतरले आणि पहिल्या चुकांचा खर्च कार्यक्रमाने उचलला. खरपुडीच्या केंद्रात दरमहा होणारे शेतकऱ्यांचे चर्चासत्र हे त्याच स्वभावाचे. तिथे एखाद्याने ‘माझे चुकले’ म्हटले तर बाकीचे वही काढतात.

याला हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाचा आधार आहे. रुग्णालयांतले गट तपासताना त्यांना अपेक्षेच्या उलट दिसले. चांगले चालणाऱ्या विभागांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या होत्या. तिथे चुका जास्त होत होत्या असा त्याचा अर्थ निघाला नाही. परिचारिका तिथे बोलत होत्या, एवढाच फरक होता. १९९९ मध्ये त्यांनी या निर्धास्तपणावर जो लेख लिहिला, तो आज या विषयातला सर्वाधिक वाचला जाणाऱ्यांपैकी एक आहे. एखाद्या कचेरीत तक्रारी आणि दुरुस्त्या एकदम शून्यावर आल्या, की मला म्हणूनच धास्ती वाटते.

महाराष्ट्रातल्या विज्ञानाच्या मोठ्या कामांकडे वळू. नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तिचे सूत्रधार गोविंद स्वरूप. एवढ्या मोठ्या तबकड्या नेहमीच्या पद्धतीने बांधल्या असत्या, तर पोलादाचा भार आणि खर्च दोन्ही झेपले नसते. म्हणून पोलादी पत्र्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेची जाळी, तारांच्या दोरांनी ताणून पॅराबोलाच्या आकारात आणलेली. वारा जाळीतून आरपार जातो, भार घटतो, मोटरही लहान लागते. ही कल्पना दुसऱ्या कोणत्या देशाने तपासून दिलेली नव्हती. फसली असती, तर खोडदच्या माळावर तीस सांगाडे उभे राहिले असते आणि उत्तर स्वरूपांना द्यावे लागले असते. त्यांची तयारी होती, कारण ती सवय जुनी. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या उटीच्या दुर्बिणीसाठी त्यांनी असा डोंगर शोधला होता, ज्याचा उतार त्या जागेच्या अक्षांशाइतकाच आहे. त्यामुळे ५३० मीटर लांबीची दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवून एकाच दिशेने फिरवता आली. वरचा माणूस स्वतःच्या नावावर जोखीम घेतो तेव्हा खालच्या अभियंत्याला तारेची गाठ कशी मारायची यावर वाद घालण्याची मुभा मिळते.

पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळण्याची वाट बंद झाल्यावर विजय भटकर यांच्याकडे काम आले. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षांची. एक अतिवेगवान प्रोसेसर करणे त्या काळात शक्य नव्हते, म्हणून बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर जोडून समांतर गणन करायचे ठरले. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. तारीख लोखंडी आणि मार्ग मोकळा, असे हे मिश्रण केलर यांच्या निष्कर्षाशी जुळते. शोध आणि बांधणी हे दोन्ही तीन वर्षांत करायचे, तर नेत्याला दोन्ही स्वभाव एकाच आठवड्यात वापरावे लागतात.

कोकण रेल्वे ही तारखेवर चालणाऱ्या नेतृत्वाची आठवण म्हणून सांगितली जाते, ई. श्रीधरन यांच्यामुळे. १९९० मध्ये महामंडळ झाले आणि २६ जानेवारी १९९८ ला ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण सुरू झाला. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरच्या उंच पुलाचा गाळा एका टोकाला ओतून पुढे ढकलत नेला, तो देशातला गाजलेला प्रयोग. मऊ मातीतल्या बोगद्यांनी मात्र वेळापत्रक मोडले. तिथे कोणतेही तयार तंत्र लागू पडेना आणि माणसांनी इंच-इंच खणत नेले. दरडींत कामगार गेले. या मार्गाच्या कौतुकात त्यांची आठवण नेहमी यायला हवी.

त्याच महामंडळात पुढे वेगळी गोष्ट घडली. व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम हे स्वतः शोधक वृत्तीचे अभियंते. त्यांच्या कल्पनेतून लटकत्या डब्यांची ‘स्कायबस’ मडगावला चाचणीसाठी उभी राहिली. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीत डबा खांबाला आदळला, एकाचा जीव गेला, काही जखमी झाले. प्रकल्प थांबला आणि पुढे मार्ग उतरवला गेला. कल्पक नेता असला की संस्थाही कल्पक होते, असे या विषयावरचे लिखाण गृहीत धरते. पण नेत्याची स्वतःची कल्पना असते, तेव्हा ‘थांबा, हे अजून तयार नाही’ असे म्हणणाऱ्या हाताखालच्या माणसाचे काम सर्वांत अवघड असते. अशा ठिकाणी नेत्याच्या अधिकाराबाहेरचा तपासनीस आधीपासून हवा. अशा चाचणीत चुकलेल्या प्रयोगाचे बिल शेवटी डब्यात बसलेला माणूस देतो.

संगणकीय प्रकल्पांचा महाराष्ट्रातला जुना धडा वारणानगरचा आहे. १९९८ मध्ये वारणा परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारायची ठरली. शेतीसल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, सगळे गावात मिळेल अशी आशा होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य वापर राहिला उसाचा: नोंद, तोडणीची पाळी, वजन, बिल. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी सात गावांत जाऊन पाहिले, तर तेवढे काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर होत होते. त्यांनी ते करून दाखवले, आणि शेतकऱ्यांना ते आवडले. म्हणजे केंद्र चालवणाऱ्या पोराला पहिल्या वर्षीच माहीत असणार, की लोक उसाची पावती पाहायला येतात. त्याचे म्हणणे आराखड्यापर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती.

ई-पीक पाहणीत ती वाट काही अंशी उघडली, असे म्हणता येईल. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर आपल्या पिकाचा फोटो घालून गाव नमुना बारामध्ये नोंद करायची, अशी व्यवस्था राज्यभर सुरू झाली. त्याआधी ही नोंद तलाठी घेत. शेतकऱ्याच्या हाती नोंद देणे ही मोठी गोष्ट होती. पण मराठवाड्यातल्या किती घरांत चांगला मोबाइल आहे, रानात रेंज मिळते का, सर्व्हर केव्हा चालतो, याची उत्तरे आधी तलाठ्यांपाशी होती. सातबारा संगणकावर आणताना रात्री जागून, सर्व्हर मोकळा असेल त्या वेळी काम उरकणारेही तेच. पुढे नोंदीच्या मुदती वाढल्या, गावपातळीवर मदतीला सहायक आले. या सुधारणा गावातून वर गेलेल्या तक्रारींतून झाल्या. महसूल खात्याला याची परंपरा नाही असे नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीची मांडणी, फायलींची व्यवस्था आणि कारकुनाच्या बसण्याची जागा यांत जे बदल केले, त्याला आजही कर्मचारी ‘लखीना पॅटर्न’ म्हणतात. त्यातली फायलींच्या सहा गठ्ठ्यांची पद्धत चाळीस वर्षे टिकली, कारण ती रोज फाइल उचलणाऱ्याच्या सोयीची होती.

या सगळ्यांच्या आधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात मिळालेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रांच्या कामात नावारूपाला आले आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणीची जबाबदारी मिळाली. लोखंडी नांगर सुरुवातीला कोणी घेईना. नव्या वस्तूला गिऱ्हाईक मिळेपर्यंतचा काळ मालकाने सोसला, कामगारांवर ढकलला नाही. परिवर्तनशील नेतृत्वाचा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. टाटा समूहाने पुढे ‘इनोव्हिस्टा’ स्पर्धेत फसलेल्या पण धाडसी प्रयत्नांसाठी वेगळा पुरस्कार ठेवला, तो याच वळणाचा विचार.

जालन्याची नगरपालिका २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. पाणी, कर, कचरा, जन्म-मृत्यूचे दाखले, सगळे पडद्यावर आणण्याच्या निविदा निघतील आणि त्यांत वेळ, खर्च, काम हा त्रिकोण असेल. वॉल्व्ह उघडणारा कर्मचारी कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी किती वेळ पाणी देतो, हे त्याच्या डोक्यात असते, आणि ती माहिती निविदेत कुठे भरायची याचा रकाना नसतो. तो रकाना करावा, एवढी माझी पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी बियाण्याच्या प्लॉटची. करारात प्रत्येक प्लॉटवर दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात. त्या ओळींत शेतकऱ्याने किंवा क्रॉसिंग करणाऱ्या बाईने आपल्या मनाची पद्धत वापरावी, त्यांचे बी वेगळ्या पिशवीत जावे, आणि सॅम्पल पास होवो की नापास, त्या दोन ओळींचे पैसे कंपनीने ठरल्या भावाने द्यावेत. कंपनीच्या हिशेबात ही रक्कम फार मोठी होणार नाही. फिल्डमनने हंगामाच्या शेवटी त्या पिशवीवर बाईचे नाव लिहावे, तिने काय वेगळे केले ते एका ओळीत लिहावे, आणि ते पाकीट जालन्याच्या संशोधन विभागात पोहोचवावे.